उतरते मेज

निवृत्तीनंतर माणसाच्या हाती वेळ येतो, परंतु टेबल जाते, हे मला निवृत्त झाल्यावरच उमगले. 1982 ते 2019 अशी सदतीस वर्षे बँकेत काढली. शाखा बदलल्या, हुद्दे बदलले, पण बसण्याची जागा ठरलेली असे. घरी आल्यावर मात्र आज जेवणाचे टेबल, उद्या पलंगाची कड, परवा गॅलरीतली आरामखुर्ची, अशी माझी भटकंती सुरू झाली. त्यात कन्येने पुण्याहून तिचा जुना लॅपटॉप पाठवला. जेथे बसावे तेथे कार्यालय, ही कल्पना त्या वेळी मोठी सोयीची वाटली.

काम मात्र विरंगुळ्याचे नव्हते. बार्शीचे आमचे भांड्यांचे दुकान वडिलांनंतर थोरल्या बंधूंनी, म्हणजे दादांनी, सांभाळले. मी एम. कॉम. होऊन नोकरीत गेलो आणि गादी त्यांच्याकडे राहिली. पाच वर्षांपूर्वी दादा गेले. पुतण्या तेव्हा अवघा तेवीस वर्षांचा होता. तेराव्यानंतर वहिनी एवढेच म्हणाल्या, "भावजी, दुकान तो बघेल, पण वह्या तुम्ही बघा." मी होकार दिला. तेव्हापासून पुतण्या खरेदीची बिले व विक्रीचा तपशील सोलापूरला पाठवतो आणि मी जमाखर्च लिहून दरमहा 20 तारखेच्या आत जीएसटीचे विवरणपत्र भरतो. जन्मभर परक्यांचे हिशेब तपासले, आता घरचे लिहावेत, यात मला ऋण फेडल्याचे समाधान होते.

दोन वर्षांतच मानेने तक्रार केली. प्रथम खांदा भरून येई, मग उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. एके रात्री हातातला पेला निसटला. अस्थिरोगतज्ज्ञांनी क्ष-किरण चित्र पाहिले आणि पहिला प्रश्न केला, "आपण बसता कसे?" मी लॅपटॉपचे सांगितले. ते म्हणाले, "माणसाच्या डोक्याचे वजन साडेचार-पाच किलो असते. ते खांद्यांवर सरळ राहिले तर ठीक; पुढे झुकले की तोच भार मानेवर कित्येक पटींनी पडतो. लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले. हात नीट ठेवाल तर मान वाकते, मान नीट ठेवाल तर हात उचलावे लागतात. हे यंत्र प्रवासासाठी आहे, पेढीसाठी नव्हे."

घरी परतताना मी मनाशी ठरवले होते, की पुतण्याला दुसरी व्यवस्था पाहण्यास सांगावे. तसा फोनही हाती घेतला, पण क्रमांक लावला नाही. वह्या सोडणे म्हणजे दादांच्या घराशी असलेला रोजचा धागा सोडणे होते.

दिवाळीत कन्या आली. तिने माझी बैठक पाहिली आणि काही न बोलता माझी चार जाडजूड वार्षिक अहवालांची बाडे लॅपटॉपखाली सरकवली. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली. स्वतंत्र कळफलक आणि माऊस जोडला. पुढल्या आठवड्यात चोवीस इंची मॉनिटर आणून एचडीएमआयच्या तारेने लॅपटॉपला लावला. "बाबा, नवा संगणक घ्यायचा नाही. आहे त्यालाच घरात बसवायचे," ती म्हणाली. मॉनिटर हातभर अंतरावर, कोपर काटकोनात, पाऊले जमिनीला टेकलेली, आणि दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहायचे, एवढे तिचे नियम. विंडोजचे बटण आणि 'पी' हे अक्षर एकत्र दाबले, की दोन पडदे जोडून एक होतात, हेही तिनेच दाखवले. डावीकडे बँकेचा उतारा, उजवीकडे खातेवही. ताळमेळ घेताना पूर्वी दोन कागद शेजारी ठेवून लाल पेन्सिलीने खुणा करत असू, तोच आनंद परत मिळाला. तीन-चार महिन्यांच्या व्यायामाने आणि या बैठकीने मुंग्याही गेल्या.

येथवर सर्व ठीक होते. पुढची चूक माझी.

टेबल नीटनेटके दिसावे म्हणून मी लॅपटॉप मिटून टेबलाच्या खणात ठेवू लागलो. पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर 'काहीच करू नये' अशी सोय असते. ती निवडली, की यंत्र मिटलेल्या स्थितीतही चालते. चार्जर कायम लावलेला. दीड वर्ष हा संसार सुखाने चालला. गेल्या एप्रिलात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असताना, 18 तारखेस सायंकाळी खण उघडला तर लॅपटॉप सपाट बसेना. तळ फुगला होता, माऊसऐवजी बोट फिरवण्याची पट्टी वर उचलली गेली होती. दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने फोनवरच बजावले, "काका, ताबडतोब बंद करा, चार्जर काढा, दाबू नका, टोचू नका. बॅटरी फुगली आहे."

नंतर त्याने कारण समजावले. लिथियम-आयन बॅटरी सतत पूर्ण भरलेली राहिली आणि वर उष्णता मिळाली, की लवकर जीर्ण होते. आत वायू धरतो आणि ती फुगते. काही प्रसंगी पेटही घेते. बंद खणात मी दोन्ही गोष्टी मनोभावे पुरवल्या होत्या.

विवरणपत्राला दोन दिवस उरले होते. सुदैवाने एक जुनी सवय कामी आली. शाखेत खाती नोंदवण्याची पहिली यंत्रे आली, तेव्हापासून दिवसाअखेरीस प्रत काढून ठेवल्याशिवाय कोणी घरी जात नसे. मीही रोज संध्याकाळी बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत घेतो. 19 तारखेच्या पहिल्या एस.टी.ने, ती डिस्क सदऱ्याच्या खिशात घेऊन, मी बार्शी गाठली. दुकानात बिले करण्याचा संगणक होता, त्यावर टॅली होतेच. प्रत उतरवली, उरलेल्या नोंदी पुतण्याला करायला लावल्या आणि दुपारी तीनला विवरणपत्र गेले. त्याचे हात झरझर चालत होते. एका ठिकाणी त्याने माझीच चूक दाखवली. परत केलेल्या मालाची नोंद मी दोनदा घेतली होती. दादांच्या गादीवर बसून त्यांच्या मुलाकडून चूक दुरुस्त करून घेताना मला वाईट वाटले नाही. उलट, मी बघतो तो हिशेब एकट्याच्या मानेवर पेलण्याचे कारण उरले नाही, हे त्या दिवशी कळले.

निघताना वहिनींनी माळ्यावरून एक वस्तू उतरवून आणली. वडिलांचे उतरते मेज. गादीवर मांडी घालून बसले, की रोजमेळाची वही त्या उतारावर डोळ्यांसमोर येई. खाली पट्टी, म्हणजे वही घसरू नये. झाकणाखाली दौत, शिक्के, किल्ल्या. मी लहानपणी वहीवर ओणवा झालो, की वडील म्हणत, "वही वर आण, मान खाली नेऊ नकोस." डॉक्टरांनी पाचशे रुपये घेऊन सांगितलेले तेच होते.

आज ते मेज माझ्या टेबलावर आहे. नवी बॅटरी बसवलेला लॅपटॉप त्यावर उघडा असतो, म्हणजे त्याला वारा लागतो आणि दुसरा पडदाही मिळतो. यंत्रातच सोय होती, म्हणून चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवून ठेवले आहे. वीज गेली की मॉनिटर विझतो, पण लॅपटॉप चालू राहतो आणि अर्धवट नोंद पुरी होते. साध्या डेस्कटॉपला त्यासाठी वेगळा यूपीएस घ्यावा लागला असता. जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता ई-कचरा स्वीकारणाऱ्यांकडे दिली. मेजाच्या पोटात दौतीच्या जागी आता हार्ड डिस्क असते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी मुलांनी मागे ठेवलेला एखादा लॅपटॉप कपाटात पडून असेल. त्याला जरूर कामाला लावावे. फक्त त्याला उंची द्यावी, वारा द्यावा, आणि महिन्यातून एकदा उलटा करून तळ पाहावा.

दर महिन्याच्या 15 तारखेस पुतण्याचा फोन येतो. आता नोंदी तो करतो, मी तपासतो. मागील महिन्यात एकही चूक सापडली नाही. तसे वहिनींना कळवले, तर त्या म्हणाल्या, "तरी तपासत राहा, भावजी."