न वाजणारा रिले

भोसरीच्या एमआयडीसीत, प्लॅस्टिक मोल्डिंगच्या शेडमध्ये मी पॅनलचं काम शिकलो. तेव्हा मशीनची तब्येत आधी कानांना कळायची. प्लॅस्टिक वितळवणाऱ्या बॅरलच्या हीटरचे कॉन्टॅक्टर, म्हणजे चुंबकावर चालणारे स्विच, दर पंधरा-वीस सेकंदांनी खट्ट वाजत. एखादा घरघरायला लागला की त्याच्या चुंबकावर धूळ बसलीय, हे झाकण न उघडताच समजायचं. मग त्यांच्या जागी काडेपेटीहून थोडे मोठे, चार स्क्रूंचे ठोकळे आले. सॉलिड स्टेट रिले. आमच्या बोलीत एसएसआर. शेड शांत झाली.

हा बदल का करावा लागला ते साध्या हिशोबात कळतं. प्लॅस्टिकचं तापमान एक-दोन अंशांत धरून ठेवायचं तर हीटर वरचेवर चालू-बंद करावा लागतो. समजा, दर दोन सेकंदांना एकदा. दिवसाचे 43,200 वेळा झाले. दहा लाख वेळा चालेल असा चांगला कॉन्टॅक्टरसुद्धा तेवीस-चोवीस दिवसांत संपला. एसएसआरमध्ये हलणारं काहीच नाही, त्यामुळे घासून झिजणारंही काही नाही. शिवाय दोन सेकंदांत आपल्या 50 हर्ट्झच्या विजेची 100 आवर्तनं बसतात. त्यांतली 37 जाऊ दिली आणि 63 अडवली की हीटरला 37 टक्के शक्ती मिळाली. इतकं बारीक माप कॉन्टॅक्टरला कधीच जमलं नसतं.

आत काय घडतं? तापमान सांभाळणाऱ्या कंट्रोलरकडून 12 किंवा 24 व्होल्ट डीसी आले की ठोकळ्यातला एक इवलासा एलईडी लागतो. त्याचा उजेड अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा. समोर तो उजेड ओळखणारा सिलिकॉनचा तुकडा बसलेला असतो. दोघांमध्ये तार नाही, फक्त प्रकाश. म्हणून 230 व्होल्टची बाजू नाजूक कंट्रोलरपासून अलग राहते. हा तुकडा मग सिलिकॉनच्या मुख्य स्विचला, म्हणजे ट्रायॅकला किंवा उलटसुलट जोडलेल्या दोन थायरिस्टरना इशारा देतो, पण लगेच नाही. एसीचं व्होल्टेज 325 च्या शिखरावर चढतं, उतरतं आणि सेकंदाला 100 वेळा शून्यावरून जातं. हीटरसाठीचा एसएसआर त्या शून्याची वाट पाहतो, फार तर दहा मिलिसेकंद. त्यामुळे चालू होताना ठिणगी नाही, झटका नाही, शेजारच्या उपकरणांत खरखर नाही. बंद होण्याची तऱ्हा तर मला आणखी आवडते. थायरिस्टर एकदा वाहू लागला की इशारा काढून घेतला तरी तो मधेच तुटत नाही. प्रवाह आपला आपण शून्याशी येतो, तेव्हाच तो मिटतो. वीस वर्षांहून अधिक काळ हे काम करतोय, तरी ऑसिलोस्कोपवर ती लाट नेमकी शून्यावर थांबलेली दिसली की बघत राहावंसं वाटतं.

सगळीकडे मात्र हे चालत नाही. ट्रान्सफॉर्मर शून्यावर चालू केला तर त्याचा गाभा संपृक्त होऊन प्रवाह उसळतो. तिथे शून्याची वाट न पाहणारा, रँडम टर्न-ऑनचा प्रकार घ्यावा. डीसीमध्ये प्रवाह आपणहून शून्यावर येतच नाही, म्हणून तिथे मॉस्फेटचा एसएसआर लागतो.

आता उष्णता. कॉन्टॅक्टरचा धातूचा संपर्क देतो तशी सिलिकॉन वीज फुकट जाऊ देत नाही. एक ते दीड व्होल्ट स्वतःकडे ठेवतं. 20 अँपिअर वाहत असतील तर ठोकळ्यात 20 ते 30 वॉट उष्णता झाली. एवढ्या उष्णतेवर आपण सोल्डरिंग करतो! मधे थर्मल पेस्ट नसेल, हीटसिंकच्या पात्यांत प्लॅस्टिकची भुकटी बसली असेल आणि बाहेर एप्रिल-मे तापत असेल, तर 40 अँपिअर छापलेला एसएसआर 20 लाही दम तोडतो.

दम तोडतो म्हणजे कसा, हे मी एका रात्रपाळीत पाहिलं. कारखान्याचं नाव सांगत नाही. कंट्रोलरवर सेट केलेलं तापमान 220, प्रत्यक्षातलं 290 आणि चढतंच होतं. आउटपुटचा आकडा मात्र 0. म्हणजे कंट्रोलर ओरडून ‘बंद’ म्हणत होता आणि हीटर पेटलेलाच होता. नोझलमधून पिवळट धूर येत होता. मेन पाडला, हीटरची तार सोडवली, एसएसआरच्या 1 आणि 2 नंबरच्या टर्मिनलला मल्टिमीटर लावला. मीटर वाजतच राहिला. सिलिकॉन वितळून आरपार जोडलं गेलं होतं. कॉन्टॅक्टरही कधी चिकटतो, पण एसएसआर मरतो तेव्हा बहुतेक वेळा चालू अवस्थेतच मरतो.

आणि धडधाकट असतानाही तो पुरता बंद नसतो. त्याच्या आतल्या संरक्षक कंडेन्सरमधून काही मिलिअँपिअर गळतच असतात. हीटरला त्याने काही होत नाही, पण तार सोडवून आउटपुटला टेस्टर लावला तर दिवा लागतो. कॉन्टॅक्टर उघडतो तेव्हा मधे हवा असते, एसएसआरमध्ये ती नसते. म्हणून फक्त एसएसआर ‘बंद’ आहे या भरवशावर मी कुणाही पोराला हीटरला हात लावू देत नाही.

त्या रात्रीनंतर मी केलेल्या प्रत्येक पॅनलमध्ये एसएसआरच्या आधी एक कॉन्टॅक्टर असतो. रोजचं चालू-बंद त्याच्या वाट्याला नाही. तापमान ठरलेल्या मर्यादेपुढे गेलं की वेगळा गार्ड त्याला पाडतो. या गार्डचा तापमान मोजणारा थर्मोकपलही वेगळाच हवा. मुख्य थर्मोकपल जागेवरून निसटला तर कंट्रोलरला बॅरल थंडच वाटतं. त्याच तारेवर गार्ड ठेवला तर तोही फसणार. गिऱ्हाईक म्हणतं, एवढा खर्च कशाला? मी तो पॅनलच्या दरातून वेगळा काढून दाखवतच नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मशिनं पुसायला घेतात, तेव्हा मी पॅनल उघडतो. हीटसिंकवर ब्लोअर मारतो, स्क्रू आवळतो. मग मेन पाडून एसएसआरच्या 1 आणि 2 मध्ये मुद्दाम जाड तारेचा तुकडा टाकतो, म्हणजे त्याला शॉर्ट गेलेला करतो. बॅरल रिकामं असतं. गार्डची मर्यादा सेट तापमानाच्या जरा वर आणून ठेवतो, दार लावतो आणि मेन चढवतो. आकडा वर जाऊ लागतो, 220, 225, 230. आम्ही सगळे गप्प उभे असतो. 240 ला कॉन्टॅक्टर खट्ट करून पडतो, तेव्हा मी मेन पाडून तारेचा तुकडा काढतो, गार्डची मर्यादा परत जागेवर आणतो आणि पोरांना झेंडूची माळ बांधायला सांगतो.