तांदळाच्या भावापायी आलेली आगगाडी

दार्जिलिंगची छोटी गाडी आम्ही सिनेमातच पाहिलेली. गेल्या दिवाळीनंतर मुलाने आम्हां दोघांना तिकडे नेले, तेव्हा कळले की ती हौसेसाठी नव्हे, तांदळासाठी झाली! सिलीगुडीला टनाला ९८ रुपयांचा तांदूळ बैलगाडीने घाट चढून दार्जिलिंगला पोचला की २३८ रुपयांचा होई. वाटखर्चाचे हे गणित भाजी शहरात पाठवणाऱ्या आम्हांला कुणी शिकवायला नको.

ईस्टर्न बेंगॉल रेल्वेचे एजंट फ्रँकलिन प्रेस्टेज यांनी १८७८ साली योजना मांडली. बैलगाड्यांच्याच रस्त्याकडेने दोन फुटी रूळ टाकले आणि १८८१ साली गाडी वर पोचली. सबंध घाटात बोगदा एकही नाही. वळायला जागा नसेल तिथे गाडी पुढे जाते, थांबते, मग उलटी सरकत चढते आणि पुन्हा तोंड पुढे करते. लादलेली बैलगाडी चढणीला आडवी-तिडवी घेतात ना, तोच प्रकार.

आम्ही दार्जिलिंगहून घूमपर्यंत वाफेच्या इंजिनामागे बसलो. इंजिनाच्या तोंडाशी बसलेला गडी, चाक घसरू नये म्हणून, पेरल्यासारखी मूठमूठ वाळू रुळांवर सोडत होता. दुकाने तर इतकी जवळ, की खिडकीतून हात घातला तर कांदा उचलावा!

घूम स्टेशन ७,४०७ फुटांवर. थंडीने हात वळेनात. तांदूळ आता ट्रकने येतो. गाडीत सगळे आमच्यासारखे हौशी. हिने मात्र उतरल्याबरोबर समोरच्या वाण्याला तांदळाचा भाव विचारला.