साबणाची वडी

जेम्स जॉईसची ‘युलिसिस’ ही कादंबरी पुष्कळांच्या कपाटात असते आणि पुष्कळांची खूण तिसऱ्या प्रकरणात अडकलेली असते. त्या प्रकरणात स्टीफन डेडॅलस नावाचा तरुण शाळामास्तर डब्लिनच्या समुद्रकाठी एकटाच चालत असतो आणि ॲरिस्टॉटलपासून मेलेल्या आईपर्यंत सारे त्याच्या डोक्यात एकदम उसळत असते. मी स्वतः मास्तर; पण या मास्तराशी माझे काही केल्या सूत जमेना.

“एका दिवसाची गोष्ट वाचायला तुम्हांला तीन महिने?” आमच्या सौ. विचारीत. हिशेब चोख होता. १९२२ साली पॅरिसला निघालेली ही अठरा प्रकरणांची कादंबरी १६ जून १९०४ या एकाच दिवसाची, फार तर त्यामागून येणाऱ्या उत्तररात्रीची. ‘संज्ञाप्रवाह’ हा शब्द मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. त्याखाली मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’चे नाव आणि १९४२ हे साल लिहितो, मुले ते उतरवून घेतात आणि तास संपतो. इथे तासाची घंटा नव्हती.

चौथ्या प्रकरणात लिओपोल्ड ब्लूम भेटला आणि जीव भांड्यात पडला. वर्तमानपत्रासाठी जाहिराती मिळवीत हिंडणारा साधा गृहस्थ. सकाळी बायकोला अंथरुणात चहा नेऊन देणारा. (हा भाग मी घरात मोठ्याने वाचला नाही.)

सहाव्या प्रकरणात चार माणसे घोडागाडीतून एका अंत्ययात्रेला निघतात. ब्लूमला बसल्या जागी काहीतरी टोचते. सकाळी घेतलेली साबणाची वडी मागच्या खिशात राहिली आहे! चारचौघांत ती काढायची कशी? तेवढ्यात रस्त्यात स्टीफन दिसतो, गाडीत बसलेला त्याचा बाप मुलाविषयी तावातावाने बोलू लागतो, आणि ब्लूमला आपला रूडी आठवतो. अकरा दिवसांचा होऊन गेलेला. पुढे कुणीतरी म्हणते, आत्महत्या म्हणजे घराण्याला सर्वांत मोठा कलंक. ब्लूमच्या वडिलांनी विष घेतलेले असते. तो गप्प राहतो. दफनभूमीशी गाडी थांबल्यावर तेवढी वडी दुसऱ्या खिशात घालतो.

आमचे अण्णा ब्याऐंशी वर्षांचे. खिडकीजवळच्या खुर्चीत स्वतःशी बोलत असतात. नळाला पाणी आले का, पेन्शनचा दाखला कुठे ठेवला, बाळ असता तर चष्मा त्यानेच आणला असता, आज मंगळवार ना? बाळ म्हणजे माझा थोरला भाऊ. माझ्या जन्माआधीच गेलेला. त्या संध्याकाळी पानात बोट ठेवून मी ऐकत राहिलो. नळ, दाखला, बाळ, पुन्हा नळ.

चौदाव्या प्रकरणात इंग्रजी गद्याच्या शतकाशतकांच्या शैलींच्या नकला आहेत. त्यातले मला निम्मेही उमगले नाही. न थांबता पुढे गेलो. आता रोज रात्री अण्णांना जबाब द्यावा लागतो ना!

“तुझा तो साबणवाला कुठवर आला?”

“दारापर्यंत आलाय, अण्णा. पण किल्ली दुसऱ्या विजारीत राहिली.”

“अरेरे! आणि बायको झोपली असेल.”