पंपावरचं नाव

नया नगरात राहायला येण्याआधी आमचं घर नागपाड्याला होतं, बेलासिस रोडला लागूनच. तिथं सिप्ला कंपनीची कचेरी होती, एवढंच आम्हाला ठाऊक. ती काढली कुणी, हे अम्मीला दमा लागला आणि तिच्या पंपावरचं नाव रोज डोळ्यांसमोर येऊ लागलं, तेव्हा आम्ही शोधून वाचलं.

ख्वाजा अब्दुल हमीद. जन्म अलीगढचा, १८९८ सालचा. बर्लिनला रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली आणि १९३५ साली मुंबईत ही कंपनी उभारली. औषधं विलायतेतून यायची, त्या काळातली ही गोष्ट. १९३९ च्या जुलैमध्ये गांधीजी स्वतः कारखाना पाहून गेले.

त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद हेही रसायनशास्त्रज्ञच, केंब्रिजचे. १९७० साली आपल्याकडे पेटंटचा नवा कायदा झाला. पेटंट तेव्हा औषधाला नाही, फक्त ते बनवण्याच्या रीतीला मिळायचं! म्हणजे दुसरी रीत शोधा आणि तेच औषध स्वस्तात बनवा. ती रीत शोधायला रसायनशास्त्रच लागतं. या कायद्यासाठी युसुफसाहेबांनीही जोर लावला होता.

त्याचं मोल जगाला कळलं २००१ साली. एड्सच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च तेव्हा दहा हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेत माणसं औषधाविना मरत होती. सिप्लानं गरिबांवर इलाज करणाऱ्या डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेला भाव सांगितला: वर्षाला ३५० डॉलर, म्हणजे दिवसाला एक डॉलरसुद्धा नाही. पुढं तिन्ही औषधं एकाच गोळीत आली. बड्या परदेशी कंपन्यांकडून चाचेगिरीचा आरोप झाला, तो झालाच.

सिप्ला म्हणजे खैरातीचं दुकान नव्हे. जादा दर लावल्यावरून सरकारशी तिचे खटले वर्षानुवर्षं चालले, हेही सांगायला हवं. पण पुण्याला वारज्यात कॅन्सरच्या शेवटच्या रुग्णांसाठी तिनं उभारलेल्या केंद्रात पैसे घेत नाहीत, तेही खरं.

हे सगळं आम्ही भाईजानना ऐकवलं, कारण त्यांच्या लेकीला बारावीनंतर केमिस्ट्रीत बी.एस्सी. करायचंय. ते म्हणाले, "डॉक्टर नाही तर निदान फार्मसी. केमिस्ट्री घेऊन पोरगी करणार काय?" अम्मी मात्र नातीच्या बाजूनं आहे. फॉर्मची मुदत शुक्रवारपर्यंत आहे आणि भाईजाननी अजून सही केलेली नाही.