परीक्षकाची नजर

मंडळी, आजचा विषय जरा अवघड आहे. नातवंडंही वाचतात म्हणून जपून लिहितो, पण टाळत मात्र नाही.

अमेरिकेत 'फक्त प्रौढांसाठी' निघणाऱ्या चित्रपटांनाही बक्षिसं असतात, हे वाचून प्रथम मला हसूच आलं. आपण ज्याचं नावसुद्धा चारचौघांत घेत नाही, त्या धंद्यात उत्कृष्ट अभिनय, उत्कृष्ट दिग्दर्शन वगैरे! पण इतिहास पाहिला तर गंमत वाटते. निर्मात्यांच्या संघटनेने १९७७ साली लॉस एंजेलिसमध्ये आपली बक्षिसं सुरू केली. ऑस्कर तर यांच्याकडे ढुंकूनही पाहणार नव्हतं. १९८४ मध्ये या धंद्याच्याच एका मासिकाने आपली बक्षिसं काढली. त्याच साली या चित्रपटांवर लिहिणाऱ्या समीक्षकांनी वेगळी संस्था स्थापली, आणि त्यांची पहिली बक्षिसं १४ फेब्रुवारी १९८५ रोजी दिली गेली. म्हणजे आधी धंदेवाल्यांनी स्वतःची पाठ थोपटली, मग बघून लिहिणारे म्हणाले, आमचं मत वेगळं मोजा.

त्या चित्रपटांची तरफदारी मला करायची नाही. प्रश्न वेगळाच आहे. ज्या कामाला लोक पैसा देतात पण मान देत नाहीत, त्यातलं कसब ओळखायचं कुणी? हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. आपल्याकडे त्याचं नाव तमाशा आणि लावणी.

गैरसमज नको. लावणी आणि ते चित्रपट एका मापाने मोजण्याचा विचारही माझ्या मनात नाही. लावणी ही शाहिरांची विद्या आहे, तिच्यात ताल आहे, शब्द आहे, अदा आहे. पण समाजाने दोन्हींना एकाच दारामागे ढकललं होतं. पुरुषांनी रात्री बघायचं आणि सकाळी नाव काढायचं नाही.

आपल्याकडे तमाशाला परीक्षक मिळाला तोही आधी लाल पेन्सिलवाला. स्वातंत्र्यानंतर लगेचच, १९४८ च्या सुमारास, मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. कलावंतांनी आरडाओरड केल्यावर ती उठली, पण अट आली : वग, लावण्या आधी तपासून घ्यायच्या, मगच फडावर उभं राहायचं. आमचा जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा तिकडच्या कायद्यांशी आमची गाठ पडली. सांगायचं इतकंच की तमाशाची पहिली सरकारी तपासणी काय खोडायचं हे ठरवण्यासाठी होती. काय चांगलं आहे, हे कुणी विचारलं नव्हतं.

ते विचारणारेही हळूहळू आले. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ साली राष्ट्रपतींच्या हस्ते पदक मिळालं, १९९० साली पुन्हा मिळालं. वाईच्या यमुनाबाईंना १९७५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. अकादमीचा पुरस्कार म्हणजे जाणकारांनी दिलेली पावती. शास्त्रीय गायक, नर्तक ज्या ओळीत बसतात, त्या ओळीत कोल्हाटी समाजातली एक बाई बसली. पद्मश्री मात्र यायला २०१२ साल उजाडलं, तेव्हा यमुनाबाईंनी शहाण्णवी गाठली होती. सुलोचना चव्हाणांनाही पद्मश्री मिळाली ती २०२२ मध्ये, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या गेल्या. आपल्याकडे लावणीला मान मिळतो तो गुडघे थकल्यावर.

म्हणून मला अकलूजच्या लावणी स्पर्धेचं मोल अधिक वाटतं. १९९३ साली ती सुरू झाली. अकलूज आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात. तिथे नाचणारी बाई तरुण असते, पायांत बळ असतं आणि समोर परीक्षक बसलेले असतात. चाळीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्यामुळे असेल, मला या गोष्टीचं अप्रूप आहे. पेपर तपासताना समोर मुलाचा फक्त बैठक क्रमांक असतो. तो कुणाचा, कुठल्या वस्तीतला, याच्याशी तपासणाऱ्याला कर्तव्य नसतं. स्पर्धेत बाईचा चेहरा झाकता येत नाही हे खरं, पण दोन तास तरी तिच्या बैठकीकडे, पदन्यासाकडे, डोळ्यांकडे आणि शब्दांच्या फेकीकडे गुण देण्याच्या नजरेने पाहिलं जातं. नोट पुढे करून बोलावणारी नजर आणि गुण देणारी नजर, या दोन वेगळ्या नजरा आहेत. शिवाय स्पर्धेमुळे बायका-मुलींना घरच्यांसोबत बसून लावणी बघता येऊ लागली, हेही कमी नाही.

पण नाण्याला दुसरी बाजू आहेच. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली आलं. अकलूजची स्पर्धा सुरू झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी. नाचणाऱ्या आईचा मुलगा, आईचं नाव लावून शिकला, डॉक्टर झाला. ते पुस्तक वाचल्यावर टाळ्या वाजवताना हात थोडा थबकतो. बाई नाचते त्यावर अख्खं घर जगतं, आणि तिच्या मुलाला शाळेत बापाचं नाव विचारलं जातं. मी शाळेतच आयुष्य काढलं, हजेरीपटावर बापाच्या नावाचा रकाना असतो हे मला माहीत आहे. कुठल्या परीक्षकाने दिलेल्या ढालीने तो रकाना भरत नाही. काळे २००७ साली अपघातात अकाली गेले.

विठाबाईंचंही तेच. नऊ महिने भरलेले असताना त्या फडावर नाचल्या, कनातीमागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे. आपण ती कौतुकाने सांगतो. त्या रात्री खेळ थांबवून बाईला विसावा द्यावा, असं वाटणारं कुणी नव्हतं का, हे कुणी विचारत नाही. दोनदा राष्ट्रपतींचं पदक मिळालेल्या विठाबाई २००२ साली गेल्या त्या हलाखीतच. पुढे २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देऊ लागलं. ज्या बाईला म्हातारपणी आधार हवा होता, तिच्या नावाचा आता पुरस्कार आहे!

मग पुरस्कार फुकट का? मला तसं वाटत नाही. आमच्या धाराशिव जिल्ह्यातही महामार्गालगत कलाकेंद्रं आहेत. त्यांच्या बातम्या येतात त्या बहुतेक परवान्याच्या नाही तर पोलिसांच्या. आत नाचणारीला नाचता येतं की नाही, ढोलकीवाल्याचा हात कसा आहे, याची बातमी कधी वाचल्याचं मला आठवत नाही. ज्या कामाला परीक्षक नसतो, त्याला फक्त गिऱ्हाईक आणि पोलीस उरतो. जाणकाराने एकदा 'ही चांगली आणि ही सामान्य' असा फरक केला की नाचणारी 'तसली बाई' राहत नाही, ती कसबी ठरते. आणि कसबी माणसाला मजुरी, पेन्शन, मुलांची शाळा मागण्याचा हक्क असतो. निदान मागताना मान खाली घालावी लागत नाही.

परीक्षकाचं काम तिथे संपतं. पुढचं काम आपलं, म्हणजे रकाना बदलणाऱ्यांचं, वर्गणी काढणाऱ्यांचं, लग्नकार्यात त्या घरच्या माणसांना पंगतीला बसवणाऱ्यांचं आहे. मुलाला पैकीच्या पैकी गुण दिले पण फी न भरल्याने त्याला वर्गाबाहेर उभं केलं, तर त्या गुणांचं त्याने काय करायचं?

असो. लांबलं थोडं. तुमच्या भागातल्या जत्रेत पाहिलेला एखादा चांगला फड, एखादी ढोलकी आठवत असेल तर जरूर लिहा. कसब काय होतं तेवढं मात्र नीट सांगा, नुसतं 'मजा आली' नको!