ती मुंगी नव्हती



गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं मुलाकडे ॲरिझोनातल्या टुसॉनला होतो. भोवती सोनोरन वाळवंट, दुपारी पारा 40 च्या वर. आमचं जेवण सूर्यास्ताआधी उरकायचं, मग अंधारात जरा गारव्याला अंगणात बसायचं. एका रात्री नात ओरडली, "आजी, केसाळ मुंगी!"

फरशीवर तांबूस-तपकिरी, अंगभर लव असलेली एक मुंगी एकटीच तुरुतुरु धावत होती. मी म्हटलं, "अलगद हातावर घे आणि कडेला सोड." तिने बोट पुढे केलं तशी सूनबाई धावली. "आई, नको! ती डंख मारते!" तिने वर पेला पालथा घातला आणि खालून कागद सरकवला. आतून बारीक किरकिर ऐकू आली.

शेजारच्या बाई जीवशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी पेला उजेडात धरला आणि सांगितलं, ही 'व्हेल्वेट अँट', म्हणजे मखमली मुंगी. (आपला मृगातला लाल मखमली किडा वेगळा, त्याला आठ पाय असतात.) नावात मुंगी असली तरी कूळ गांधीलमाशीचं. मादीला पंख नसतात, पण नांगी चांगली लांब. नराला पंख असतात, नांगी नसते. मुंगीच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात, हिच्या तशा नव्हत्या. मुंगीच्या बारीक कमरेवर गाठ असते, तीही नव्हती. आणि रांग नाही, एकटीचा फेरफटका.

पाठशाळेत आपण मुंगी त्रींद्रिय आणि माशी-भुंगा चतुरिंद्रिय असं शिकलो. मी या जीवाला एक पायरी खाली बसवलं होतं, आणि त्या अज्ञानापायी नातीच्या बोटाला डंख बसला असता. दया माझ्या मनात होती, पण नुसत्या दयेने भागलं नसतं.

मग मला छंदच लागला. दिवसा फिरणाऱ्या मखमली मुंग्या लाल, पिवळ्या, पांढऱ्या अशा भडक असतात. रात्री फिरणाऱ्या बहुतेक साध्या तपकिरी, सगळ्या सारख्याच वाटतात. दिव्यावर येतात ते नर. त्यांच्या डोक्यावर तीन ठळक साधे डोळे असतात. एका गटाचं नाव 'स्फेरोप्थाल्मा', म्हणजे गोल डोळ्यांची. दुसरा 'ओडोन्टोफोटोप्सिस', त्यातल्या नरांच्या छातीच्या खालच्या बाजूला दातासारखे उंचवटे असतात. नेमकी जात ठरवायला जबड्याची खाच, पंखांच्या शिरा आणि नराचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात.

माझ्यातल्या बी.कॉम.ला गंमत वाटली ती पुढेच. नर दिव्यावर सापडतो, मादी जमिनीवर, आणि दोघं दिसायला इतकी वेगळी की अभ्यासकांनी काही ठिकाणी एकाच जातीला दोन नावं दिली. एकाच माणसाची दोन खाती! बऱ्याच जातींचा तर फक्त नरच माहीत आहे, मादीचं खातं कोरं. आता डीएनए जुळवून जोड्या लावतात. आपल्याकडे पॅन नंबरने खाती जुळतात ना, तसंच.

मी बाईंना विचारलं, "मग आपल्या पाहुणीची जात कोणती?" त्या म्हणाल्या, "मादी आहे, फोटोवरून सांगता येणार नाही. मारून, टाचणीला लावून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावी लागेल. तरी खात्री नाही."

घरात सगळे माझ्याकडे बघू लागले. नाव कळावं असं मला मनापासून वाटत होतं. आणि मला जे काही कळलं होतं, तेही कुणीतरी टाचणीला लावलेल्या जीवांमुळेच, हे मी विसरले नव्हते. पण नातीला इजा होऊ नये आणि तिलाही होऊ नये, एवढ्यापुरतं ज्ञान मला मिळालं होतं. त्यापुढचं माझ्या हौसेसाठी होतं.

पेला कुंपणापलीकडच्या झुडपाशी नेऊन आडवा केला. ती क्षणभर थांबली आणि वाळूत दिसेनाशी झाली.

परतताना लक्षात आलं, अंगणातला दिवा रात्रभर उगीच जळत होता आणि त्याभोवती पंखवाले तपकिरी जीव घिरट्या घालत होते. त्यात तिच्या जातीचा नर असेल का, कुणास ठाऊक. मी दिवा मालवला. आम्ही तिथे होतो तोवर रोज जेवणानंतर तो मालवायचं काम नातीकडे होतं.