येणे व्याज

सप्टेंबर उजाडला की जुन्नर-आंबेगावच्या घराघरांत गुळगुळीत कागदाची पातळ पुस्तकं येऊन पडतात. कुणाकडे निवृत्तीनगरच्या विघ्नहर कारखान्याचा अहवाल, कुणाकडे पारगावच्या भीमाशंकरचा, शिवाय विकास सोसायटीचा, दूध संस्थेचा आणि दोन-तीन पतसंस्थांचे. कायद्यानं वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून सगळ्यांची एकदमच धांदल. मुखपृष्ठावर संस्थापकांचा फोटो, आत संचालक मंडळ, मग उद्घाटनांची रंगीत पानं. ताळेबंद पार मागे, बारीक टायपात. बहुतेक घरांत हे पुस्तक आठवडाभर टीव्हीशेजारी पडून राहतं आणि मग रद्दीत जातं. मी ते मागच्या पानापासून वाचते. ज्युनिअर कॉलेजात पुस्तपालन शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि वर्गात जे फळ्यावर लिहिते ते खऱ्या माणसांच्या पैशाला लावून बघायची सवय जडली.

ती सवय कामाला आली आमच्या तात्यांमुळे. तात्या म्हणजे माझे चुलत सासरे. पुणे-नाशिक रस्त्याच्या बाह्यवळणात त्यांची रस्त्याकडेची जमीन गेली आणि मोबदला आला. राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा व्याज जास्त म्हणून त्यातला मोठा भाग त्यांनी गावाजवळच्या एका पतसंस्थेत मुदत ठेवीत टाकला. त्या संस्थेचं नाव इथे घेत नाही. सभासद मीही आहे. घर बांधताना कर्ज घेतलं होतं, तेव्हाचा शेअर आहे. एका संध्याकाळी तात्या अहवाल घेऊन आले.

“सूनबाई, नफा वाढलाय. बारा टक्के लाभांश देणारेत. ऑडिट वर्ग अ आहे. ठेवीची मुदत संपतीये, पुन्हा ठेवू ना?”

मी म्हटलं, “तात्या, पुस्तक दोन दिवस माझ्याकडे राहू द्या.”

पतसंस्थेचा ताळेबंद दोन बाजूंचा. डावीकडे भांडवल व देणी, उजवीकडे जिंदगी व येणी. तात्यांची ठेव डावीकडे. ती म्हणजे संस्थेचं देणं. त्या ठेवीतून दिलेली कर्जं उजवीकडे. उजवी बाजू खरी असेल तरच डावीकडचे पैसे परत मिळतात. म्हणून मी आधी उजवीकडे बघते, आणि तिथेही कर्जांच्या ठळक आकड्याच्या खाली, जिथे किरकोळ वाटणाऱ्या ओळी असतात. त्यात एक ओळ ‘येणे व्याज’ अशी होती. मागच्या वर्षी ७० लाख, या वर्षी १ कोटी ९५ लाख. पान उलटून नफा-तोटा पत्रक पाहिलं. निव्वळ नफा ६२ लाख.

हे दोन आकडे मी वहीत शेजारी-शेजारी मांडले. संस्था कर्जावरचं व्याज वर्षअखेर वहीत धरते. कर्जदारानं ते भरलेलं असो वा नसो, ते उत्पन्न म्हणून नफ्यात येतं. न भरलेलं व्याज ‘येणे’ म्हणून उजव्या बाजूला जाऊन बसतं. या वर्षी धरलेल्या व्याजातले सव्वा कोटी अजून कुणी दिलेलेच नव्हते आणि नफा होता त्याच्या निम्मा. थकलेल्या कर्जावर व्याज धरलं, तर तेवढ्याच रकमेची थकव्याज तरतूद डावीकडे करायची असते, म्हणजे न आलेला पैसा नफ्यात मिसळत नाही. ती तरतूद जागच्या जागी होती, गेल्या वर्षीइतकीच. याचा अर्थ व्याज थकलेलं नाही, वेळेवर येणारच आहे, असं संस्थेचं म्हणणं. मग एका वर्षात ते जवळजवळ तिप्पट का झालं?

लाभांश मात्र रोख द्यावा लागतो. धरलेल्या व्याजातून तो देता येत नाही. तो जातो कुणाच्या तरी नव्या ठेवीतून.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगणं अवघड नाही. मार्चअखेर सोसायटीचं कर्ज कसं ‘नवं-जुनं’ होतं ते प्रत्येक जण जगलेला आहे. बिनव्याजी सवलत जाऊ नये म्हणून पाहुण्या-रावळ्यांकडून हातउसने आणायचे, ३१ मार्चच्या आत भरायचे आणि नवं कर्ज मिळालं की ज्याचे त्याला परत करायचे. वहीत वसुली शंभर टक्के, शेतकऱ्याच्या डोक्यावरचं ओझं तेवढंच. पीककर्जात ही निभावून नेण्याची रीत आहे, तीत लबाडी म्हणावी असं काही नाही. पण तीच रीत पतसंस्थेत मोठ्या कर्जदारासाठी संस्थेनंच वापरली, तर थकबाकीची टक्केवारी ठेवीदाराला काहीच सांगत नाही.

सहकार कायद्याच्या ३२ व्या कलमानं सभासदाला संस्थेच्या कार्यालयात बसून लेखापरीक्षित ताळेबंद आणि सभांची इतिवृत्तं विनामूल्य पाहता येतात; संचालक मंडळाच्या सभांचीसुद्धा. दुसऱ्याचं खातं पाहता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मी लेखी अर्ज दिला. मॅनेजर चकित झाले, पण त्यांनी अडवलं नाही. चहा मागवला आणि इतिवृत्ताचं जाड रजिस्टर समोर ठेवलं. मी थेट मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली सभा काढली.

कर्जमंजुरीची यादी लांबलचक होती. नावांकडे मी फारसं पाहिलं नाही, रकमा वाचत गेले. ११ लाख ८३ हजार. ७ लाख ४६ हजार. २३ लाख १७ हजार. मी पेन खाली ठेवलं. कर्ज मागायला येणारा माणूस पाच लाख मागतो, दहा लाख मागतो, फार तर साडेसात. अकरा लाख त्र्याऐंशी हजारांची गरज कुणाला पडते? ज्याचं मुद्दल दहा लाख होतं आणि व्याज चढून तेवढं झालं, त्याला. जुनं खातं नव्या कर्जातून बंद झालेलं. वहीत जुनं कर्ज वसूल, व्याज वसूल, नवं कर्ज नियमित. एक पैसाही आत आलेला नाही. त्याच सभेत ८ लाखांचं, ५ लाखांचं अशी सरळ कर्जंही होती. ती खरी गरज घेऊन आलेल्या माणसांची असावीत. वाकड्या रकमांची संख्या मात्र जास्त होती.

संचालकांनी पैसे खाल्ले असं त्यावरून ठरत नाही. मला तसं वाटलंही नाही. या दोन तालुक्यांत पतसंस्था नसत्या तर टोमॅटोचे बांबू-तार, मल्चिंग, ठिबक हे कुणी कशावर उभं केलं असतं? बँकेत कागद जमवेपर्यंत लागणीचा हंगाम निघून जातो. आणि कर्जं थकायची कारणंही डोळ्यांसमोर होती. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला, लोकांनी उसनवारी करून लागणी केल्या आणि सप्टेंबरपर्यंत भाव असा कोसळला की तोडणीची मजुरीही सुटेना. अशा वेळी ओळखीच्या कर्जदाराला थकबाकीदार ठरवणं संचालकाच्या जिवावर येतं. पण ती गोष्ट ताळेबंदात दिसली पाहिजे. दडवलेली थकबाकी वाढतच जाते, आणि शेवटी तिची भरपाई तात्यांसारख्यांच्या ठेवीतून होते.

हे फक्त गावपातळीवर चालतं असं नाही. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या रामलिंग राजूंनी स्वतःच पत्र लिहून कबूल केलं, की सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँकशिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. त्याच पत्रात आणखी एक आकडा होता, तो मी दर वर्षी वर्गात फळ्यावर लिहिते: ३७६ कोटींचं येणे व्याज, तेही खोटं. खोट्या ठेवीवर व्याजही खोटंच धरावं लागतं. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचं उदाहरण आणखी जवळचं. मार्च २०१९ ला संपलेल्या वर्षात जवळपास १०० कोटींचा नफा आणि चार टक्क्यांच्या आत अनुत्पादक कर्जं, असा तिचा अहवाल होता. सहाच महिन्यांनी, २३ सप्टेंबरला, रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले. एकाच बांधकाम समूहाची बुडीत कर्जं झाकायला २१,०४९ बनावट खाती उघडली होती, हे त्यानंतर बाहेर आलं. तिथे निदान बँकेच्या ठेवीला विमा तरी होता. २०२० पासून त्या विम्याची मर्यादा ५ लाख आहे. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. हे मी तात्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

साखर कारखान्याचा अहवाल वेगळ्या नजरेनं वाचावा लागतो, तेही इथेच सांगते, कारण लोक दोन्ही एकाच मापानं मोजतात. सहकारी कारखान्याचा नफा लहान दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. उसाला भाव दिल्यावर उरतं ते तेवढंच असतं. तिथे बघायची ती ३१ मार्चची साखरसाठ्याची किंमत. त्या दिवशी गोदामं भरलेली असतात आणि साठा कोणत्या दरानं धरला यावर नफा की तोटा ते ठरतं. दुसरं, त्या साठ्यावर मालतारण कर्ज किती उचललंय. तिसरं, ऊस उत्पादकांचं देणं किती राहिलंय. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. एवढ्या तीन गोष्टी शोधल्या की रंगीत पानांची गरज उरत नाही.

आमच्याकडच्या माणसांना हिशेब उघड्यावर मांडायची सवय नवी नाही. नाणेघाटातल्या सातवाहनकालीन लेखात यज्ञांत किती गायी, किती घोडे, किती कार्षापण दान दिले ते आकड्यांसकट कोरलेलं आहे. जुन्नरच्या लेण्यांतल्या एका लेखात बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या रकमेची नोंद आहे. ठेव कुणाकडे आणि किती, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता यावं म्हणून दगडावर. आपण ते मागच्या पानावर बारीक टायपात छापतो.

सभा मंगल कार्यालयात होती. बायका मोजक्या, त्याही मागच्या खुर्च्यांवर. मी तात्यांबरोबर तिसऱ्या रांगेत बसले. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम झालं, ताळेबंदाचा विषय पुकारला गेला आणि पुढच्या रांगांतून सवयीनं “मंजूर, मंजूर” सुरू झालं. मी उभी राहिले.

“अध्यक्षसाहेब, मला दोनच प्रश्न विचारायचेत. येणे व्याज १ कोटी ९५ लाख आहे, त्यातलं मार्चनंतर आजपर्यंत प्रत्यक्ष किती आलं? आणि मार्चमध्ये मंजूर केलेल्या कर्जांपैकी किती रक्कम संस्थेच्याच जुन्या कर्जखात्यांत वर्ग झाली?”

सभागृहात कुजबुज झाली. मागून कुणी तरी म्हणालं, “मॅडम, कॉलेजात विचारा हे.” अध्यक्षांनी हात वर करून त्याला गप्प केलं. मॅनेजर म्हणाले, माहिती आत्ता हाताशी नाही, कार्यालयात मिळेल. मी प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्यायची विनंती केली. त्यावर थोडी घासाघीस झाली. शेवटी अध्यक्ष म्हणाले, “नोंद करा. लेखी उत्तर द्या.” ताळेबंद मंजूर झाला, लाभांशही झाला.

उत्तर दिवाळीनंतर आलं. वसूल व्याज २१ लाख. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मोघम होतं, पण ‘पुनर्रचना’ हा शब्द त्यात होता, तेवढ्यावरून समजलं. तात्यांनी अर्धी ठेव काढली आणि अर्धी ठेवली. “सगळी काढली तर सगळेच काढतील, अन् ज्यांनी कर्ज नीट फेडलंय त्यांच्यावरच पाणी पडंल,” हे त्यांचं म्हणणं. हिशेबाच्या दृष्टीनं मी सगळी काढा म्हटलं असतं. पण पैसे त्यांचे होते, गावही त्यांचं होतं.

पुढच्या वर्षीच्या अहवालात नफा ४ लाखांवर आला होता. बुडीत व संशयित कर्ज निधीत मोठी तरतूद झालेली, थकव्याज तरतूद पहिल्यांदाच वाढलेली, थकबाकी दुपटीहून जास्त, ऑडिट वर्ग ब, लाभांश नाही. पहिल्या पाहणीत वाईट वाटेल असा अहवाल. मला तो आदल्या वर्षीच्यापेक्षा कितीतरी भरवशाचा वाटला आणि मी तसं भेटेल त्याला सांगितलं. काही जण माझ्यावर नाराज झाले. मॅडमनी विचारलं म्हणून लाभांश गेला, अशी बोलणी बाजारात कानावर आली. त्यांना मी एवढंच विचारत असे, की आदल्या वर्षीचा लाभांश नेमका कुणाच्या पैशातून मिळाला होता.

या नव्या अहवालाच्या सभेत लाभांशावरून आरडाओरडा झाला. तो थांबल्यावर तात्या उठले. “व्याज धरलं किती ते छापलंय. आलं किती ते वाचून दाखवा,” म्हणाले. मॅनेजरांनी या खेपेला कागद तयार ठेवला होता. जूनअखेरचा वसुलीचा आकडा त्यांनी खातेप्रकारानुसार वाचला. मग ऐनवेळच्या विषयांत एक ठराव आला: येणे व्याजाची प्रत्यक्ष वसुली आणि नवं-जुनं केलेल्या कर्जांची एकूण रक्कम इथून पुढे दर वर्षी अहवालात ताळेबंदाच्या शेजारी, त्याच टायपात छापावी. सूचक तात्या, अनुमोदक मी. ठराव बहुमतानं मंजूर झाला.